छत्तीस फोटोंचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या बैठकीत वस्तीतल्या तरुण मुलामुलींसमोर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



आम्हाला विषय दिला होता ‘विहाराची वाटचाल’. तो विषय आमच्यापेक्षा वडीलधारे चांगला सांगतील. आम्ही आज फोटोवर बोलणार आहोत. हसू नका. स्मरणिकेसाठी फोटो गोळा करायचे काम कमिटीने आमच्यावर टाकले. दीड महिना झाला, पाळी सुटली की आम्ही घरोघर जातोय, लोकांचे मोबाईल बघतोय, जुने अल्बम उघडतोय. त्यात जे दिसले ते तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय आम्हाला राहवणार नाही.

आपल्या विहाराचा स्लॅब १९९८ साली पडला. तेव्हा आम्ही तिशीच्या आत होतो. एमआयडीसीत गिरणीमध्ये लागून पाच-सहा वर्षे झाली होती. खात्यातल्या एका सोबत्याकडे कॅमेरा होता, तो एका दिवसाच्या बोलीवर मागून आणला. रोल आम्ही विकत घेतला. रोल, त्याची धुलाई आणि कॉप्या धरल्या तर आमचे दोन दिवसांचे पगार गेले होते. एका रोलात छत्तीस फोटो. नशीब असेल तर सदतिसावा निघायचा. म्हणून आदल्या रात्री आम्ही वहीच्या पानावर यादी केली. कोणाकोणाचा फोटो यायलाच पाहिजे, कोणत्या कामाचा यायला पाहिजे. घमेली उचलणाऱ्या बायांची रांग, मिक्सरवाला, पाणी मारणारी पोरे, वर्गणीची वही सांभाळणाऱ्या मावशी, जेवणाची पंगत. अशी पंचवीस नावे झाली. अकरा फोटो मोकळे ठेवले, ऐनवेळी काही घडले तर.

त्या छत्तीसांतले चार वाया गेले. एकात आमचे बोट आले, एक हलला, आणि दोन आमच्याच आगाऊपणाने गेले. रोल पुरता गुंडाळायच्या आधी मागचे झाकण उघडले आणि उजेड आत शिरला. उरले बत्तीस. ते बत्तीस आज सत्तावीस वर्षांनी अल्बममध्ये आहेत आणि त्यातला प्रत्येक फोटो काहीतरी सांगतो. कोण कुठे उभे होते, पत्र्याची जुनी शेड कशी होती, मागे अजून शेत होते, सगळे दिसते.

आता दुसरी बाजू. मागच्या काही वर्षांतल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकांचे फोटो आम्ही मागितले. अकरा घरांतून मिळून अडीच हजारांवर आले. आम्ही ते चार रात्री बसून बघितले. एकाच झेंड्याचे चाळीस. डीजेच्या दिव्यांचे दोनशे. सेल्फी तर मोजल्याच नाहीत. स्मरणिकेत घालण्याजोगे किती निघाले? नऊ. आणि त्या नवातलेही पाच छापखान्यातून परत आले, कारण ते व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून आकसले होते. त्याविषयी पुढे सांगतो.

पण ज्याच्यासाठी आम्ही उभे राहिलो ती गोष्ट वेगळी आहे. वर्गणीची वही सांभाळणाऱ्या मावशी आत्ताच म्हणालो. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. दर महिन्याच्या पगाराला त्या दारोदार जाऊन दहा-दहा रुपये गोळा करायच्या आणि वहीत अंगठ्यासकट मांडायच्या. २०२३ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे म्हणून त्यांच्या मुलाने रात्रभर मोबाईल चाळला. सहा हजार फोटो होते त्यात. मावशी कुठे होत्या? एकात अर्ध्या कापलेल्या, एकात डोळे मिटलेल्या, एकात पाठमोऱ्या, एकात केकच्या मागे. एकही चेहरा धड नाही. शेवटी आमच्या १९९८ च्या रोलातला फोटो कापून मोठा केला. पंचाहत्तरीला गेलेल्या बाईचा फोटो लागला पन्नाशीच्या आतला, डोक्यावर चुंबळ, हातात घमेले. धाकटी नात आईला विचारते, “ही कोण गं?”

लेकाला दोष द्यायला आम्हाला तोंड नाही. त्याच्या आदल्या वर्षी, वर्षावासाच्या समारोपाला, मावशी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. पांढरे लुगडे नेसून आल्या होत्या. आम्ही मोबाईल घेऊन फिरत होतो. त्यांनी हाक मारली, “अरे, माझा एक नीट काढून ठेव रे, भिंतीवर लावण्यासारखा.” आम्ही चालता चालता तीनदा बटण दाबले आणि म्हणालो, “काढला मावशी.” त्या दिवशी आमच्या मोबाईलमध्ये दोनशे बारा फोटो होते. मावशींचे ते तिन्ही हललेले. आम्ही ते गेल्यावर पहिल्यांदा उघडून बघितले.

तर बंधूंनो, हा हिशेब आहे. छत्तीसांत त्या सापडल्या, दोनशे बारांत सापडल्या नाहीत.

आता कोणी म्हणेल, काका जुन्या जमान्याचे गोडवे गातायत. तसे नाही. जुना जमाना आम्ही भोगलेला आहे. आमच्या वडिलांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही कामाच्या ओळखपत्रासाठी. आजीचा तर नाहीच. फोटो ही पैसेवाल्याच्या घरची चीज होती. मोबाईलने ती आपल्या घरात आणली, हे फार चांगले झाले. अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. साडेतीन किलोच्या वर वजन, एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत, आणि फोटो शंभर गुणिले शंभर बिंदूंचा, म्हणजे आजच्या पोराला खेळण्यातलाही चालणार नाही असा. त्याच कोडॅकने फिल्मच्या धंद्यावरच जास्त भरवसा ठेवला आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी तिच्यावर आली. रोल गेला ते बरेच झाले. आमचे म्हणणे एवढेच की रोलाबरोबर रोल घालणाऱ्याची सवय पण गेली. बटण दाबायच्या आधी दोन श्वास थांबायची सवय.

बाबासाहेबांच्या घरचा एक फोटो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. १९३४ च्या फेब्रुवारीतला, राजगृहातला. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि पुढे टॉबी कुत्रा. रमाईंची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. २७ मे १९३५ ला, म्हणजे या फोटोनंतर सव्वा वर्षाने, त्या गेल्या. त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून, उजेड बघून तो फोटो घेतला नसता तर आपल्या घराघरात त्या कुटुंबाची जी ओळख आहे ती राहिलीच नसती. फोटो काढणाऱ्याला पुढचे काही माहीत नव्हते. त्याने फक्त काम नीट केले.

दुसरे उदाहरण नामदेव व्हटकरांचे. तरुणांना हे नाव माहीत नसते म्हणून मुद्दाम सांगतो. लेखक माणूस, सिनेमातही वावरलेला. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, पार्थिव मुंबईला आणले, आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. या अंत्ययात्रेचे चित्रीकरण झालेच पाहिजे असे व्हटकरांनी ठरवले आणि पैशाची जुळवाजुळव स्वतः करून ते पार पाडले. आज आपण ती दृश्ये बघतो आणि डोळे भरून येतात, ती या माणसामुळे. आता हिशेब करा. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका मिनिटाला नव्वद फूट जाते. हजार फुटांचे अख्खे रीळ म्हणजे अकरा मिनिटे. अंत्ययात्रा कित्येक तास चालली. लाखो माणसे, आणि हातात मोजकी मिनिटे! कॅमेरा कुठे लावायचा, कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागले असणार. डोळ्यात पाणी असताना ठरवावे लागले असणार. आमच्या हातात त्या दिवशी आजचा मोबाईल असता तर आम्ही तासभर नुसता हलता गर्दीचा व्हिडिओ काढला असता, आणि तो पुन्हा कोणी बघितला नसता.

आता थोडे कामाचे. आम्ही काही फोटोग्राफर नाही. पण आमचे गिरणीतले काम कापड तपासायचे आहे. तयार कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जाते आणि आपण डाग, तुटका धागा, विणीतली चूक हुडकायची. नवीन पोरगा आला की तो सगळीकडे एकदम बघतो आणि त्याला काहीच दिसत नाही. आम्हाला जुन्या माणसाने शिकवले, आधी दोन्ही किनारी बघ, मग पन्हा बघ. फोटोला हेच लावा. माणसाचा चेहरा तर सगळेच बघतात. बटण दाबायच्या आधी नजर एकदा चौकटीच्या चारी किनारींवरून फिरवा. चपलांचा ढीग आलाय का, कोणाचा अर्धा हात आलाय का, मागचा विजेचा खांब भन्तेजींच्या डोक्यातून उगवलाय का. अर्धे पाऊल बाजूला सरकले की खांब जातो. पैसा लागत नाही त्याला.

लेन्स पुसा. एमआयडीसीतल्या माणसाचा मोबाईल खिशात असतो, खिशात धूळ, तेल, तंबाखू. सगळे फोटो धुरकट येतात आणि आपण म्हणतो मोबाईल जुना झाला. सदऱ्याच्या सुती टोकाने पुसून बघा आधी.

उजेड कुठून येतोय ते बघा. आपल्या विहारात बुद्धमूर्तीच्या मागे खिडकी आहे, त्यामुळे सकाळी काढलेल्या प्रत्येक फोटोत मूर्ती काळी आणि खिडकी पांढरीफटक. स्क्रीनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, मोबाईल त्या जागेचा उजेड धरतो. बाजूला सूर्याची खूण येते, ती वरखाली सरकवली की कमीजास्त होते. किंवा सरळ खिडकीचा पडदा ओढा, तेही चालते! माणसाचा फोटो काढायचा तर त्याला दाराजवळ बसवा, उजेड एका गालावर येऊ द्या. भर दुपारी उन्हात उभे करू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि माणूस रागावल्यासारखा दिसतो. लांबून बोटांनी ओढून मोठे करू नका. त्याने मोबाईल जवळ जात नाही, नुसता मधला तुकडा कापून फुगवतो. दोन पावले पुढे चला. मेणबत्त्या लावतानाचा फोटो हलतो, कारण कमी उजेडात मोबाईल जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. कोपरे अंगाला टेकवा, भिंतीला टेका, आणि समोरच्याला सांगा, ज्योत लागली की क्षणभर थांब.

एक फोटो काढला की तो बघा. लगेच दुसरा नको. कशात चुकले ते कळले तर दुसरा काढा. एका मागून एक दहा दाबले म्हणजे दहातला एक चांगला येतोच, असे पोरे म्हणतात. क्रिकेट खेळताना येत असेल. बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे दहा दाबले तर दहाही सारखेच वाईट येतात, कारण चूक आपल्या उभे राहण्यात असते.

सोपाऱ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी आपली पोरे डहाणू लोकलने विरार, तिथून नालासोपारा, अशी स्तूप बघायला आली. आपल्याच पालघर जिल्ह्यातली ही जागा, पण कितीतरी जण पहिल्यांदा येत होते. गावातले लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणले, तेव्हा आत दगडी करंडक निघाला, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे आणि बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे त्या वस्तू आहेत. हे सगळे आम्ही तिथे उभे राहून सांगितले. संध्याकाळी पोरांचे फोटो एकत्र केले, तीनशे चाळीस भरले. स्तूप पूर्ण दिसेल असा एकही नव्हता. सगळ्यांच्या चेहऱ्यामागे थोड्या थोड्या विटा! ज्याने स्तूप बघितलाच नाही त्याला यातून काय कळणार? एका मुलीने मात्र विटांची रचना जवळून घेतली होती, मापाला शेजारी स्वतःची पेन्सिल ठेवून. तिला कोणी शिकवले नव्हते. तो फोटो स्मरणिकेत आहे.

आणखी एक गोष्ट, ही जरा टोचेल. आपण जव्हारकडे किंवा डहाणूच्या पाड्यांवर जातो. तारपा सुरू झाला की आपले वीस मोबाईल वर. नाचणाऱ्या आदिवासी भगिनींना कोणी विचारले का? बाहेरचे लोक आपल्या वस्तीत येऊन आपली गटारे आणि आपली उघडी पोरे टिपायचे तेव्हा आपल्याला राग यायचा ना? मग विचारा. थांबा, बसा, बोला, विचारा, मग एक काढा आणि त्यांना दाखवा. मयताच्या घरीही तेच. रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर मोबाईल धरणारा आमच्या दृष्टीने फोटोग्राफर नाही.

कामगारांसाठी फोटोचा आणखी एक उपयोग आहे. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी, नवापूरचा समुद्र, मच्छीमार बांधवांचे नुकसान, हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला हे तुम्ही जाणता. अशा कामात फोटो हा पुरावा असतो. आम्ही एकदा एका नाल्याच्या रंगीत पाण्याचे साठ फोटो एका कार्यालयात नेले होते. साहेबांनी विचारले, “हा नाला कुठला?” साठांतल्या एकावरूनही ते सांगता येईना! नुसते लाल पाणी, जवळून. आम्ही तोंड पाडून परत आलो. नंतर शिकलो. आधी लांबून एक, ज्यात रस्ता, पूल, पाटी असे काहीतरी ओळखीचे येते. मग मधून एक, मग जवळून एक. तारीख आणि वेळ वहीत. तीन फोटो पुरतात, आणि त्या तिघांना कोणी खोटे म्हणू शकत नाही. यंत्राशी अपघात झाला तरी हेच, मात्र आधी जखमी माणसाला हात द्या.

फोटो काढून काम संपत नाही. त्याच रात्री, झोपण्याआधी, दिवसाचे सगळे बघा आणि नको ते पुसा. उरलेल्यांत कोण कोण आहे ते लिहा. आमच्या १९९८ च्या कॉप्यांच्या मागे पेनाने नावे आहेत म्हणून आज कळते, नाहीतर त्या रांगेतल्या चार बाया आता कोणालाच ओळखू येत नाहीत. छापायचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळचा तसा जातो. चार बाय सहा इंचांचा फोटो चांगला छापायचा तर बाराशे गुणिले अठराशे बिंदू तरी पाहिजेत, हे आम्हाला छापखानेवाल्याने शिकवले. आणि वर्षाला दहा तरी कागदावर काढून घ्या. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, पासवर्ड विसरतो. मावशींच्या घमेल्याचा फोटो कागदावर होता.

आता ठरलेले काम सांगतो. विहार बांधायला पहिल्या दिवसापासून राबलेली नऊ माणसे आज हयात आहेत. त्यांतल्या चौघांना बाहेर चालवत नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, ऊन कोवळे असताना, तुम्ही पाच जण आमच्याबरोबर यायचे आहे. एका घरी एकच मोबाईल बाहेर काढायचा. एका माणसाचे चार फोटो, जास्त नाही. एक चेहऱ्याचा, एक हातांचा, एक त्यांच्या घराच्या दारात, आणि चौथा ते सांगतील तसा. आधी चहा प्यायचा, त्यांचे ऐकून घ्यायचे, मग काढायचा. नऊ चोक छत्तीस. यादी आम्ही केलेली आहे, इथे भिंतीला लावतो. ज्यांना यायचे त्यांनी जाताना नाव लिहावे.

चुलत्यांच्या घरापासून सुरुवात करू, त्यांना सकाळीच बरे वाटते. जयभीम.